साकुरा गाठायचा तर तारीख कशी धरावी: गोव्याहून पहिल्यांदा जपानला निघणाऱ्यांसाठी

साकुरा, म्हणजे जपानी चेरीचा फुलोरा, बघायला जपानला जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो तिकिटाच्या तारखेचा, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. टोकियोत साकुऱ्याची पहिली फुलं उमलल्याची अधिकृत नोंद २०२३ मध्ये १४ मार्चला झाली, २०२४ मध्ये २९ मार्चला आणि २०२५ मध्ये २४ मार्चला. लागोपाठच्या दोन वर्षांत पंधरा दिवसांची तफावत! त्यात पूर्ण बहर टिकतो जेमतेम आठवडा. गोव्याहून निघणाऱ्याला रजा, विमान, व्हिसा यांची जुळवाजुळव काही महिने आधीच करावी लागते. झाड मात्र आपला दिवस शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ठरवतं.

यावर मला पटलेला एकच उपाय आहे. प्रवासाची तारीख पक्की करा, पण गाव पक्कं करू नका. साकुरा ढोबळमानाने दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि सखल भागातून डोंगराकडे सरकत जातो. एका शहरात तो ओसरला असेल तर रेल्वेने दोन-तीन तासांवर कुठेतरी तो नुकता भरात आलेला असतो. पुढची प्रत्येक पायरी ही मोकळीक हाताशी राहावी म्हणूनच सांगतो आहे.

झाड कशावर चालतं

थंडी लांबली की आंब्याचा मोहोर लांबतो, हे पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुणाला शिकवावं लागत नाही. साकुऱ्याचं गणितही थंडी आणि उबेचंच, फक्त त्याला लागणारी थंडी कितीतरी कडक. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात आणि पानगळीच्या सुमारास झोपी जातात. हिवाळ्यात पुरेशी थंडी लागली की ती झोप मोडते. त्यानंतर जशी ऊब मिळेल तशा कळ्या फुगत जातात. टोकियोसाठी एक सोपा हिशेब वापरतात: १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान मिळवत जायचं, बेरीज ६०० अंशांच्या आसपास आली की फुलं उमलायला लागतात. मार्च उबदार गेला तर बेरीज लवकर भरते, गारठ्यात गेला तर रेंगाळते.

म्हणून दक्षिणेतलं सगळं आधी फुलेल असं डोळे मिटून धरू नका. कागोशिमा टोकियोच्या कितीतरी दक्षिणेला आहे, पण तिथला हिवाळा सौम्य असल्याने कळ्यांची झोप उशिरा मोडते. सरासरीने तिथे साकुरा टोकियोनंतर दोन दिवसांनी उमलतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे जात. शहरांत, नदीकाठी, शाळांच्या आवारात जो फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरा साकुरा दिसतो तो बहुतेक ठिकाणी ‘सोमेइ योशिनो’ जातीचा असतो. ही झाडं बियांपासून वाढवत नाहीत, कलमं करून लावतात. त्यामुळे सगळी अनुवंशाने एकसारखी, आणि एका गावातली सगळी जवळजवळ एकाच वेळी फुलतात. पानं येण्याआधी नुसत्या फुलांनी भरलेली आख्खी रांग बघायला मिळते ती यामुळेच. गळतातही मात्र सगळी एकदमच.

उमलणं वेगळं, भरात येणं वेगळं

जपानचं हवामान खातं प्रत्येक शहरात एक ठरलेलं झाड बघतं. टोकियोचं झाड यासुकुनी देवस्थानाच्या आवारात आहे. त्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की ‘काइका’, म्हणजे बहराची सुरुवात, जाहीर होते. ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त कळ्या उमलल्या की ‘मानकाइ’, म्हणजे पूर्ण बहर. नवखा माणूस काइकाची बातमी वाचून हुरळतो, पण त्या दिवशी बागेत गेलात तर झाडावर कळ्याच दिसतील. टोकियो-क्योटोकडे या दोन दिवसांत साधारण आठवड्याचं अंतर असतं, उत्तरेकडे चार-पाच दिवसांचं. निम्मी फुलं उमलल्यापासून पाकळ्या झडायला लागेपर्यंतचा काळ बघण्यासारखा असतो. हवा गार राहिली तर तो लांबतो, वाऱ्या-पावसाने एका रात्रीत संपतोही.

१९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी अशी आहे (आधी सुरुवात, मग पूर्ण बहर):

फुकुओका: २२ मार्च, ३१ मार्च
टोकियो: २४ मार्च, ३१ मार्च
क्योटो: २६ मार्च, ४ एप्रिल
ओसाका: २७ मार्च, ४ एप्रिल
कानाझावा: ३ एप्रिल, ९ एप्रिल
सेंदाई: ८ एप्रिल, १३ एप्रिल
नागानो: ११ एप्रिल, १६ एप्रिल
आओमोरी: २२ एप्रिल, २६ एप्रिल
साप्पोरो: १ मे, ५ मे

हे आकडे वहीत उतरवून घ्या, पण अलीकडे बहर यापेक्षा लवकर येण्याकडे कल आहे हेही शेजारी लिहा. क्योटोत बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. २०२१ मध्ये तिथे पूर्ण बहर २६ मार्चला आला, तो तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत सर्वांत लवकरचा होता.

पहिली पायरी: आपलं घर बघून काळ निवडा

गोव्यातल्या घराचं पंचांग मार्च-एप्रिलमध्ये गच्च भरलेलं असतं. शिगमो कधी मार्चच्या सुरुवातीला येतो, कधी अखेरीला. गुढीपाडवाही कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये. काजूची बाग असेल तर बोंडू गोळा करायच्या ऐन दिवसांत घर सोडणं कठीण. मुलं दहावीला असतील तर मार्चमध्ये परीक्षा. शिवाय शाळेचं वर्षही आता लवकर सुरू होऊ लागलं आहे, २०२५ मध्ये सहावी ते दहावीचे वर्ग ७ एप्रिललाच भरले. तेव्हा जपानचा नकाशा उघडण्याआधी भिंतीवरची दिनदर्शिका उघडा.

रजेचं बंधन नसेल तर पहिल्या वेळी मी ३० मार्च ते १० एप्रिल हा काळ सुचवेन. सरासरी वर्षी यात टोकियो, क्योटो, ओसाका तिन्ही सापडतात. वर्ष उशिराचं निघालं तरी सापडतात. लवकरचं निघालं तर उत्तरेकडे आणि डोंगराकडे जायला दिवस उरतात. २० मार्चला पोहोचणाऱ्याचं याच्या उलट होतं: २०२४ सारखं वर्ष लागलं तर आठवडाभर कळ्याच बघत बसावं लागेल आणि सरकायला दुसरी जागाही नसेल.

एप्रिलचा दुसरा पंधरवडाच मोकळा असेल तर नाराज होऊ नका. मला तर हा काळ पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. सोमेइ योशिनो ओसरल्यावर दाट पाकळ्यांचा ‘याएझाकुरा’ फुलतो, आणि त्याचा गुलाबी रंग जास्त गडद असतो. क्योटोच्या निन्नाजी मंदिरातली बुटकी ‘ओमुरो’ झाडं शहरात सर्वांत शेवटी, एप्रिलच्या मध्याच्या सुमारास भरात येतात. त्यांच्या फांद्या इतक्या खाली असतात की फुलं डोळ्यांच्या उंचीवर येतात. ओसाकाच्या नाणे टांकसाळीचं आवारही एप्रिलच्या मध्यास सुमारे आठवडाभर लोकांसाठी उघडतात. ही प्रथा १८८३ पासूनची. त्यासाठी अलीकडे आधी नाव नोंदवावं लागतं. उत्तरेला हिरोसाकीचा किल्ला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याकडे बहरतो. तिथली झाडं सफरचंदाच्या बागेतल्या छाटणीची पद्धत वापरून जोपासलेली आहेत, म्हणून फुलांचे घोस विलक्षण भरगच्च दिसतात. झडलेल्या पाकळ्यांनी खंदकाचं पाणी झाकून जातं, आणि तेवढ्यासाठी मुद्दाम उशिरा जाणारे लोकही असतात.

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीतच जायचं असेल तर एकच दिशा उरते, जपानच्या उत्तरेकडचं होक्काइदो बेट. त्यातही साप्पोरोवर विसंबू नका. २०२३ मध्ये तिथे १५ एप्रिललाच फुलं उमलली होती. त्यापेक्षा बेटाच्या दक्षिण टोकाचं मात्सुमाए गाव धरा. तिथल्या बागेत सुमारे २५० जातींचे साकुरा आहेत. लवकरच्या आणि उशिराच्या जाती मिळून बहर मे महिन्यातही चालू राहतो. २९ एप्रिल ते ५ मे हा जपानी सुट्ट्यांचा आठवडा मात्र टाळा. त्या दिवसांत सगळा देश प्रवासात असतो आणि खोल्यांचे भाव कडाडतात.

फेब्रुवारीतच सवड असलेल्यांसाठी इझु द्वीपकल्पातलं कावाझु आहे. तिथली ‘कावाझुझाकुरा’ ही लवकर फुलणारी, ठसठशीत गुलाबी जात फेब्रुवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत टिकते. टोकियोहून दिवसभरात जाऊन येता येतं.

दुसरी पायरी: जाताना एका शहरात उतरा, येताना दुसऱ्यातून निघा

गोव्यातून जपानला थेट विमान नाही. मोपाहून निघा की दाबोळीहून, मुंबई, दिल्ली, बेंगळुरू किंवा सिंगापूर-बँकॉककडून बदलून जावं लागतं. शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. देशातलं तिकीट वेगळं काढणार असाल तर आदल्या दिवशीच मुंबईला पोहोचा, कारण पहिलं विमान रखडल्यास दुसरी कंपनी थांबत नाही.

तिकीट काढताना टोकियोत उतरून ओसाकाहून परत, किंवा उलट, असं बघा. जाणं-येणं एकाच शहरातून केलं तर मुक्कामाचे एक-दोन दिवस नुसते परत फिरण्यात जातात. बहराच्या दिवसांत ते परवडत नाही.

तिसरी पायरी: खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या

माझ्या मते या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. क्योटोत मार्चअखेर चांगल्या खोल्या लवकर भरतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच आरक्षण करा, पण दोन-तीन दिवस आधीपर्यंत पैसे न कापता रद्द करता येईल असंच. थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील.

मुक्काम फुलांच्या शेजारी असायची गरज नाही, रेल्वेच्या जंक्शनजवळ असावा. ओसाकात राहिलात तर क्योटो, नारा, हिमेजीचा किल्ला आणि योशिनोचा डोंगर, सगळं दिवसभरात जाऊन येण्याजोगं आहे. सकाळी बातमी बघायची आणि कुठे जायचं ते ठरवायचं. टोकियोहून सेंदाई शिंकानसेन या वेगवान रेल्वेने सुमारे दीड तासावर आहे.

सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनांना झाला. टोकियो-क्योटोचं एका बाजूचं शिंकानसेन तिकीट १४ हजार येनांच्या आसपास पडतं. म्हणजे दोन-तीन लांबचे प्रवास असतील तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात, आणि बेत बदलायचं स्वातंत्र्यही राहतं.

चौथी पायरी: व्हिसाची घाई नको, ढिलाईही नको

भारतीय पारपत्रावर व्हिसा लागतो. एकदाच प्रवेश देणारा पर्यटक व्हिसा साधारणपणे मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. त्यामुळे मार्चअखेरीच्या प्रवासासाठी नोव्हेंबरमध्ये अर्ज करून उपयोग नाही. बँकेची खाती, आयकराची विवरणपत्रं, मुक्कामाचे तपशील डिसेंबरमध्येच गोळा करा आणि जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत अर्ज द्या. पारपत्राची मुदत त्याआधी तपासा, नूतनीकरणात वेळ गेला तर पुढचं सगळं अडतं.

पाचवी पायरी: अंदाज वाचायला शिका

हवामान खातं पूर्वी बहराचा अंदाजही द्यायचं, पण २०१० पासून त्यांनी तो थांबवला. आता ते फक्त प्रत्यक्ष नोंद जाहीर करतात. अंदाज देतात खाजगी संस्था: जपान मेटिऑरॉलॉजिकल कॉर्पोरेशन, वेदरन्यूज आणि जपान वेदर असोसिएशन. पहिले अंदाज डिसेंबरअखेर-जानेवारीत येतात आणि पुढे सुधारत जातात.

जानेवारीतला अंदाज दिशा कळण्यापुरता वाचा: वर्ष लवकरचं आहे की उशिराचं? त्यावरून तिकीट बदलू नका. मार्चच्या पहिल्या आठवड्यातला अंदाज वाचून शहरांचा क्रम ठरवा, आधी टोकियो की आधी क्योटो. निघायच्या आठवड्यातल्या अंदाजावर खोल्या हलवा. दोन संस्थांचे अंदाज दोन-तीन दिवसांनी वेगळे निघाले तर लवकरची तारीख धरून बेत आखा, कारण न उमललेल्या कळ्यांसाठी थांबता येतं, झडलेल्या पाकळ्यांसाठी नाही.

सहावी पायरी: पोहोचल्यावर रोज संध्याकाळी बेत तपासा

३० मार्चला टोकियोत उतरलात असं धरू.

वर्ष सरासरीचं असेल तर काम सोपं. तीन दिवस टोकियो, मग चार दिवस क्योटो-ओसाका, आणि शेवटचे दिवस कानाझावा किंवा योशिनो.

वर्ष उशिराचं असेल, म्हणजे टोकियोत अजून कळ्याच असतील, तर शहर सोडायची घाई करू नका. शिंजुकु ग्योएन या बागेत साकुऱ्याच्या कित्येक जाती आहेत, त्यातली काही लवकर फुलणारी झाडं हमखास भरात सापडतात. क्योटोचे दिवस पुढे ढकला. २०२४ मध्ये टोकियोत पूर्ण बहर ४ एप्रिलला आला होता. अशा वर्षी ३० मार्चला हताश होऊन दक्षिणेकडे पळालेला माणूस टोकियोचा उत्तम आठवडा गमावून बसतो.

वर्ष लवकरचं असेल, २०२३ सारखं, तेव्हा टोकियोतला पूर्ण बहर २२ मार्चलाच येऊन गेलेला. मग क्योटोतल्या दोन रात्री रद्द करून सेंदाई किंवा नागानोच्या डोंगराळ भागाकडे वळा. शंभर मीटर चढलात की बहर साधारण दोन-तीन दिवसांनी मागे असतो, हा हिशेब उपयोगी पडतो. नागानो प्रांतातल्या ताकातो किल्ल्याच्या जागेवर लहान, गडद गुलाबी फुलांची वेगळी जात आहे. ती एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भरात येते.

योशिनोबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पहिल्यांदा जाणारे नेमकं तेच वगळतात. नारा प्रांतातल्या या डोंगरावर सुमारे ३०,००० साकुरा आहेत, बहुतेक ‘यामाझाकुरा’ म्हणजे डोंगरी जातीचे. फुलांबरोबरच तांबूस कोवळी पानं येतात. डोंगराचे खालपासून वरपर्यंत चार टप्पे मानतात: शिमो, नाका, कामी आणि ओकु. बहर खालच्या टप्प्यापासून चढत चढत सर्वांत वरच्या ओकुपर्यंत पोहोचतो. त्यामुळे पायथ्याशी पाकळ्या झडत असल्या तरी तासभर चढल्यावर भरलेली झाडं सापडू शकतात. बहर उंचीप्रमाणे कसा सरकतो हे इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर रोपवे आणि बसची चौकशी आदल्या दिवशी करून ठेवा, चढ दमवणारा आहे.

फुलं बघायला पहाटे निघा. मार्चअखेर टोकियोत साडेपाचच्या सुमारास उजाडतं, आणि उएनोसारख्या गर्दीच्या बागेतही सातपर्यंत शांतपणे चालता येतं. नकाशावर गावाचा बहर ‘पूर्ण’ दिसत असला आणि दुसऱ्या दिवशी पावसाचा अंदाज असला तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी बागेत जा. देवळं, संग्रहालयं पावसातही बघता येतात.

कपड्यांबद्दल गोवेकरांना मुद्दाम सांगावं लागतं. बहराच्या दिवसांत टोकियोत दुपारी १५ अंशांच्या आसपास आणि पहाटे ६-७ अंश असतात. रात्रीच्या रोषणाईत फुलं बघायची तर कानटोपी आणि जाड जाकीट हवंच.

फांदी वाकवणं, फुल तोडणं, झाडाच्या बुंध्याशी मुळांवर चटई अंथरणं हे करू नका. देवाला वाहायला चार फुलं खुडायची आपली सवय इथे बाजूला ठेवा. चटईवर बसताना चपला काढून ठेवायच्या आणि कचरा पिशवीत भरून मुक्कामावर परत न्यायचा.

जपान जमत नसेल तर

पासपोर्ट, पैसा किंवा रजा, काहीही अडत असेल तर शिलाँग आहे. मेघालयातला साकुरा म्हणजे हिमालयातली जंगली चेरी, आयुर्वेदात जिला पद्मक म्हणतात. ती शरदात फुलते, साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर. या काळात शिलाँगला चेरी ब्लॉसम महोत्सवही भरतो. पण महोत्सवाची तारीख आधी ठरते आणि झाडं आपल्या वेळेने फुलतात, दोन्ही दर वेळी जुळतातच असं नाही. म्हणून फुलांसाठी जात असाल तर महोत्सवाच्या दोन दिवसांपुरतं न जाता पाच-सहा दिवस हातात ठेवा. वॉर्ड्स लेकच्या काठावर आणि शहरातल्या रस्त्यांवर ही झाडं आहेत. गोव्याहून विमानाने गुवाहाटी, तिथून रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर. दिवाळीची गर्दी ओसरल्यावरचे हे दिवस असल्याने रजा मिळणंही त्यामानाने सोपं. गुवाहाटीला दुपारच्या आत पोहोचणारं विमान घ्या, म्हणजे घाटाचा रस्ता उजेडात पार होतो. तिकडे नोव्हेंबरमध्ये अंधार आपल्यापेक्षा बराच लवकर पडतो.